वहीतली मापं

२० ऑगस्ट

दादा,

फोन न करता पत्र का लिहितेय ते तुला ठाऊक आहे. फोनवर तू एक कान मला देतोस आणि दुसरा शिलाई मशीनला. त्यात भिंगरीचं नाव निघालं की "गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतोस. पत्राच्या मध्ये गिऱ्हाईक येत नाही, तेव्हा मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच.

माझ्या लेकीनं, भिंगरीनं, आपल्याला बोलावलंय. मला, तुला आणि वहिनीला. डिसेंबरच्या मध्यापासून दोन आठवडे, हिवाळ्याच्या सुट्टीत, चक्क युरोपात, चक्क बर्फात. आठवतं का, आपल्या शाळेच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यात बर्फानं झाकलेलं घर होतं, आणि तू मला छातीठोकपणे सांगितलं होतंस की तो कापूस आहे? मी चौथीपर्यंत तेच खरं मानत होते. म्हातारपणी तरी खरं काय ते बघू.

आपण तिघं कधी कुठे एकत्र गेलोच नाही. तू लोकांचे कोट शिवत राहिलास, मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवत बसले. सगळा जन्म सुई-दोऱ्यात गेला आपला. आता पुरे.

आता ते दुसरं. आठ वर्षं झाली, दादा. तू तुझ्या भागीदाराच्या मुलाशी ठरवलेलं लग्न भिंगरीनं मोडलं, भागीदारापुढे तुझी मान खाली गेली, रागाच्या भरात तू म्हणालास, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." आणि कार्टी शेवटी तुझीच भाची, तिनं खरंच दाखवलं नाही. तुम्हा दोघांच्या हट्टामध्ये मी मात्र भरडून निघाले. तिचे वडील गेल्यानंतर तिला बोट धरून शाळेत कोणी नेलं होतं, हे तू विसरला असशील, ती विसरलेली नाही.

हे पत्र वहिनीला दाखव. लपवलंस तर मला कळेल.

तुझी बबडी


२९ ऑगस्ट

बबडे,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला नकोत. मुद्द्यावर येतो. मी येणार नाही.

एवढं वाक्य लिहून चहा घ्यायला उठलो, तेवढ्यात तुझ्या वहिनीनं तुझं पत्र वाचलं. परत आलो तर ती स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग खाली काढत होती. मी म्हटलं, अगं पडशील. ती म्हणाली, पडले तर पडले, पण जाणार. आम्हाला मूलबाळ नाही, हिचा सगळा जीव त्या पोरीत. आठ वर्षं माझ्यासमोर तिचं नाव काढलं नाही आणि माझ्यामागे तिच्याशी फोनवर तासन्‌तास बोलली. मला काय कळत नाही? मी शिंपी आहे, आंधळा नाही.

तर येतो. पण बर्फ बघायला येतो, तिच्याकडे नाही. आम्ही हॉटेलात राहू. इंजिनीयर झालेली पोरगी परक्या गावात ट्राम चालवते, ते कौतुक बघायची मला हौस नाही.

एक गोष्ट पक्की. तयार कोट कोणी अंगावर घालायचा नाही. माझ्या बहिणीनं दुकानातला टांगलेला कोट घातला तर मी माझ्या दुकानाला कुलूप लावीन. मापं पाठव. स्वतः घेऊ नकोस, कोणाकडून तरी घे. सरळ उभी राहा, श्वास सोड, पोट आत ओढू नकोस. गिऱ्हाईक काय वाटेल ते सांगतं, मी नेहमी टेपचं ऐकतो.

दादा


९ सप्टेंबर

दादा,

येतोस! बस्स, पुढचं तुझं सगळं बोलणं माफ.

मापं वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी घेतली, तू सांगितलंस तशीच, श्वास सोडून. छाती एकतीस, कंबर सव्वीस, सीट चौतीस, खांदा साडेतेरा, बाही बावीस. उंची गुडघ्याच्या खाली चार बोटं ठेव, तिकडे वारा फार असतो म्हणे. जरा बारीक झालेय मी. सकाळी चालायला जाते.

आता बेत ऐक. पहिले दोन दिवस कुठेही जायचं नाही, नुसतं खिडकीतून बघायचं. तिसऱ्या दिवशी डोंगरावर जाणारी छोटी रेल्वे. मग एक तळं आहे, ते पूर्ण गोठतं, त्यावरून माणसं चालतात. वहिनीला चालव, तू काठावर उभा राहून ओरड. एक दिवस भिंगरीच्या ट्राममध्ये बसून गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती म्हणते, ड्रायव्हरच्या मागची सीट सगळ्यांत चांगली.

हॉटेल मनातून काढून टाक. तिच्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत तुम्ही दोघं, एकीत आम्ही मायलेकी. माणूस भाचीच्या घरी गेला तर त्याची काही उंची कमी होत नाही.

तुझी बबडी


१५ सप्टेंबर

बबडे,

ही मापं आहेत की लॉटरीचं तिकीट? छाती एकतीस तुझी नववीत होती. त्या नर्सबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, इंजेक्शनं द्या, टेपला हात लावू नका. खांदा तेवढा बरोबर घेतलाय. बाकीची मापं मी माझ्या वहीतली घेतली. दोन वर्षांपूर्वी तुला जाकीट शिवलं होतं तेव्हाची. छाती सदतीस, कंबर तेहतीस. त्यावर कापलाय.

कापड मरून रंगाचं आहे, चांगलं जाड लोकरीचं. आत गुबगुबीत अस्तर, दोन खिसे आत, दोन बाहेर. बाहेरचे जरा खोल केलेत, कारण तू हात खिशात घालून चालतेस आणि मग पाठीत वाकतेस. वहिनीचा कोट झाला. माझा राहिलाय, शिंप्याचा स्वतःचा कपडा नेहमी शेवटी होतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. डोकं दुखत होतं. आता बरं आहे.

चालणं जरा कमी कर. दोन वेळा पोटभर जेव. हॉटेलचं अजून ठरलेलं नाही, तेव्हा लगेच नाचू नकोस.

दादा


१० ऑक्टोबर

दादा,

कोट आला. अगदी मापात बसला. नर्सबाई म्हणाल्या, कुठल्या राणीसाहेब निघाल्या? तू वहीतलीच मापं घेतलीस ते बरं केलंस. घरात घालून बसले होते तासभर, काढवेना.

पत्राला उशीर झाला. बाइंडिंगचं काम सध्या घरीच आणलंय. लायब्ररीतला लोखंडी प्रेस काही घरी आणता येत नाही, म्हणून चिकटवलेली पुस्तकं पाटाखाली ठेवते आणि पाटावर डाळ-तांदळाचे डबे. हसू नकोस, कणे छान सरळ बसतात.

व्हिसासाठी मला पुढची तारीख मिळालीय. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका, तुमचं उरकून घ्या.

एक मागते, देशील? भिंगरीला चार ओळी लिही. माफी नको, समजूत नको, नुसतं हवापाणी विचार. परवा मला विचारत होती, मामाला उशी अजून उंच लागते का. आठ वर्षांनंतर पोरगी उशीची चौकशी करते, दादा, आणि तू हॉटेलाचं घेऊन बसलास.

तुझी बबडी


२४ ऑक्टोबर

बबडे,

आमचा व्हिसा झाला. तिथल्या बाईनं मला विचारलं, कशासाठी जाताय? मी म्हटलं, बर्फासाठी. वहिनी मागून म्हणाली, भाचीसाठी. बाई हसली आणि शिक्का मारला.

मी पत्र लिहिणार नाही. वहिनीनं तिला लिहिलं, त्याच्या खाली "उशी उंच लागते" एवढं मी लिहिलंय. ते पत्र नाही, सूचना आहे. हॉटेल रद्द केलं. तेही तुझ्यासाठी.

कोट घालून फोटो पाठव. एक समोरून, एक बाजूनं. पाठीवर चूण पडते का ते मला बघायचंय.

दादा


१२ नोव्हेंबर

बबडे,

तीन आठवडे झाले. फोटो नाही, पत्र नाही. फोन केला की नर्सबाई उचलतात आणि म्हणतात, झोपलीय. तू कधीपासून दुपारी झोपायला लागलीस?

काल आमची तिकिटं करणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, तिसरा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. नाव नाही, पासपोर्ट नाही, काही नाही.

काय ते सरळ लिही.

दादा


१७ नोव्हेंबर

दादा,

सरळ लिहिते. पोटात गाठ आहे. जुलैमध्ये कळलं. डॉक्टर चांगले आहेत, उगाच आशा लावत नाहीत. एक उपचार करून बघितला, त्यानं मी आडवी झाले आणि दुखणं जिथल्या तिथे. पुढचा नको म्हटलं. थंडी संपेपर्यंत मी राहीन असं त्यांना वाटत नाही. मी अर्ज भरलाच नव्हता. मी येणार नव्हतेच.

आता चिडू नकोस, आणि निघूही नकोस. आधी पुढचं वाच.

मला मरणाची भीती वाटते, नाही असं नाही. रात्र जाते कशीबशी. पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. भिंगरीला बाप नाही. मी गेले की तिचं असं कोण? चार दिवस रडायला, दोन दिवस भांडायला, नुसतं आडवं पडून राहायला बाईला एक घर लागतं. माझ्यामागे तिला माहेर म्हणून एक तरी दार हवं. ते तुझंच आहे, दुसरं नाहीच. आणि ते तू बंद करून बसलायस.

तुला वाटेल, बबडीनं आजारपणाचं सांगून आम्हा दोघांना इथे बोलावलं असतं तर झालं असतं की. नसतं झालं. तुम्ही दोघं माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहिला असतात, माझ्या तोंडाकडे बघून गोड बोलला असतात, आणि सगळं आटोपल्यावर आपापल्या दिशेला. मी ओळखते तुम्हाला. समेट माझ्यासाठी व्हायला नको. मी मध्ये नसताना तुला तिच्या घरात राहायला लागायला हवं, तिनं वाढलेलं खायला हवं. म्हणून सहलीचा घाट घातला.

तिला सांगितलंय की माझा व्हिसा नाकारला. ती खूप रडली. तुम्ही दोघं जा. चार दिवस तिच्याकडे राहा, आणि मग तिला माझं सांग. आधी सांगितलंस तर ती लगेच निघेल, आणि पुन्हा तेच होईल. चार दिवस दे मला. मी थांबते.

तुझी बबडी


३० नोव्हेंबर

दादा,

नको म्हटलं तरी आलासच. आता गेलास तर घर कसं ओस पडलंय.

तू आल्या आल्या माझ्याकडे बघितलं नाहीस, खुंटीवरच्या कोटाकडे बघितलंस. मग तो खाली काढून मांडीवर घेतलास आणि उसवायला बसलास. मी म्हटलं, दादा, कशाला, मी कुठे घालून जाणार आहे? तू म्हणालास, माझ्या हातचं ढगळ कोणी घालत नाही. दिवसभर खिडकीशी बसून शिवत होतास. मी पडल्या पडल्या बघत होते. संध्याकाळी मला उठवून घातलास आणि बटणं लावलीस. आपण एवढं कमी कधीच बोललो नसू, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नसेल.

जातो म्हणालास, तो शब्द मोडू नकोस. नर्सबाई आहेत, त्यांची बहीणही येते. मी एकटी नाही. तू तिथे असलास की मला इथे झोप लागेल.

वहिनीचा हात घट्ट धर, बर्फावर पाय सरकतो.

तुझी बबडी


१९ डिसेंबर

बबडे,

आज तिसरा दिवस. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितोय. खाली रस्त्यावर एक माणूस फावड्यानं बर्फ ओढतोय.

दार उघडलं तेव्हा भिंगरी "या" एवढंच म्हणाली. मीही "हं" म्हणालो. वहिनीनं तिला कवटाळलं आणि दोघींनी जे रडायला सुरुवात केली, मी आपला बॅगा आत ओढत बसलो. दाराशी घरात घालायच्या लोकरी चपलांचे तीन जोड होते. तिसरा तुझ्यासाठी घेतला होता, परत करवेना म्हणाली. खोलीत गेलो तर माझ्या बाजूला दोन उशा एकावर एक.

काल तिची ट्रामवर कामाची पाळी होती. मी म्हटलं, येतो. तिच्या मागच्या सीटवर सात तास बसलो. बबडे, काय चालवते! एवढी लांबलचक गाडी, बाहेर सगळं पांढरं, आणि आत माणसं पेपर वाचतायत, पोरं झोपलीयत. एका थांब्यावर एक म्हातारी लांबून काठी टेकत येत होती. हिनं दार उघडं ठेवलं. बाई आली, चढली, बसली, मग गाडी हलली. कोणी कुरकुर केली नाही. मला वाटलं, उठून सगळ्यांना सांगावं, ही माझी भाची आहे. भाषा येत नाही म्हणून गप्प बसलो.

रात्री जेवताना वहिनीनं माझी नक्कल केली, व्हिसाच्या बाईसमोरची. भिंगरी हसली. आठ वर्षांनी ऐकलं ते हसणं, तुझ्यासारखंच आहे, शेवटी घोगरं होणारं. त्याच वेळी मला सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं. ती हसत होती म्हणून राहिलं.

मला हे जमत नाहीये. ती तुझ्याबद्दल बोलते, उन्हाळ्यात आईला आणेन म्हणते, आणि मी ताटाकडे बघतो. तुझे चार दिवस उद्या पुरे होतात. उद्या सकाळी तिला सुट्टी आहे. चहा झाला की सांगतो.

थांब म्हणजे झालं.

दादा


२१ जानेवारी

मामा,

इथे पोहोचून आठवडा झाला. मामीला सांगा, कामावर जातेय, जेवतेय.

तुमचं १९ तारखेचं पत्र आपण तिघं आईच्या घरी पोहोचल्यावर चार दिवसांनी तिच्या पत्रपेटीत पडलं. मी ते तुम्हाला दाखवलं नाही. फोडलं. तिला लिहिलेलं होतं, पण ते वाचायला ती नव्हती. वीस तारखेला सकाळी तुम्ही चहाचा कप हातात घेऊन माझ्यासमोर बसलात, "तुला एक सांगायचंय" म्हणालात, आणि नर्सबाईंचा फोन आला. त्या तीन दिवसांबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही. ते आईनं मागितले होते.

पण दुसरं आहे. विमानात मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं. तुम्ही म्हणालात, नोव्हेंबरात, आईनं लिहिलं तेव्हा. मी विश्वास ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी मी नर्सबाईंना भेटायला वर गेले. त्या म्हणाल्या, सप्टेंबरात मापं त्यांनी घेतली होती. त्यांनी आईला सुचवलं होतं की जुनीच मापं कळवा, उगाच भावाला काळजी नको. आई म्हणाली, "नाही, खरी लिहिते. मला तोंडानं सांगवत नाही. आकडे बघितले की दादाला कळेल."

तुम्हाला आकड्यांवरून कळलं नाही? चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला? आईला नाही कळवलंत, मला नाही कळवलंत. मला फक्त तारीख हवी आहे. खरी.

भिंगरी


१ फेब्रुवारी

भिंगरी,

१२ सप्टेंबर. दुपारी साडेतीनच्या सुमारास, पोस्टमन गेल्यावर.

विमानात मी खोटं बोललो. पत्र वाचल्या वाचल्या मला कळलं होतं. छाती, कंबर सहा-सात इंच कमी आणि खांदा वहीतल्यासारखा, साडेतेरा. खांदा म्हणजे हाड. टेप धरणाऱ्याला माप घेता येत नसेल तर आधी खांदा चुकतो. खांदा बरोबर आहे म्हणजे बाकीही बरोबर आहे. हे मी शिकायला येणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सांगतो.

दुकानात कापडाचा पुतळा आहे, त्याच्याभोवती एकतीसला टेप धरून बघितला. टेप आत रुतला. इतकी बबडी उरली होती. मग मी टेप गुंडाळून ठेवला आणि वही उघडली. वहीत ती सदतीस होती, धडधाकट होती. त्या मापावर कोट कापला. तुझ्या मामीला काही बोललो नाही. आईला थट्टेचं पत्र लिहिलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं की गिऱ्हाइकाचं खरं माप समोर असताना शिंप्यानं जुन्यावर कापलं, तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

का केलं असं विचारशील. खरं मानलं असतं तर तिला फोन करायला लागला असता, आणि मग तुला. तुला फोन करायची मला लाज वाटत होती. आठ वर्षांनी काय बोलू, आणि तेही हे? मनाशी म्हटलं, डिसेंबरात भेटणारच आहोत. बाकी काही कारण नाही. भीती आणि लाज, एवढंच.

ती आकड्यांतून मला सांगत होती, हे मला तुझ्या पत्रानं कळलं. म्हणजे ती माझ्या उत्तराची वाट बघत असणार. आणि मी काय लिहिलं? नर्सबाईंना म्हणावं टेपला हात लावू नका. त्यावर ती कोट मापात बसला म्हणाली. मला ऐकायचं नाही हे तिला समजलं असेल आणि तिनं मग मलाच सांभाळून घेतलं. हे वाचल्यापासून मला दुकानात बसवत नाही.

१२ सप्टेंबर ते २० डिसेंबर, नव्याण्णव दिवस होतात. मी मोजले. त्या दुपारी तुला फोन केला असता तर ते तुला मिळाले असते. चार दिवस तिनं मागितले होते, हे नव्याण्णव मी घेतले. कोणाला न विचारता.

तुझी आई माझ्याकडे एकच काम सोपवून गेली, की तुला माहेर राहावं. खोटी तारीख सांगून तेही टिकवता आलं असतं. मामी म्हणत होती, नोव्हेंबरच लिहा, पोरगी दुसऱ्यांदा तुटेल. पण तसलं घर तुला द्यायची मला हिंमत होत नाही. आता तू ठरव. तू आली नाहीस तरी मी यावेळी तुला काही म्हणणार नाही, आणि दार लावणार नाही.

मामी रडतेय. तिला लिही, तिचा यात काही दोष नाही.

मामा


१४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र येऊन दोन महिने होऊन गेले. पहिले तीन आठवडे ते फाडायचं ठरवत होते. मग तू मोजलेले दिवस मी कॅलेंडरावर एक एक करून बघितले. त्यातल्या कुठल्या दिवशी मी काय करत होते तेही आठवलं. एक पूर्ण शनिवार-रविवार मी पडदे लावत बसले होते.

राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. परवा ट्राम चालवताना तुझी इतकी चीड आली की शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाल्या झाल्या फोन काढला. लहानपणापासून तुझी प्रत्येक तक्रार मी आईकडेच केलीय, तू माझी केलीस तीही तिच्याकडेच. नंबर लावला. वाजायला लागला तेव्हा लक्षात आलं. बराच वेळ वाजत होता.

आता तुझी तक्रार करायला तूच उरलायस. मामी ऐकून घेईल, पण ती शेवटी तुझी बाजू घेते.

नऊ मेला सकाळी येतेय, दहा दिवसांसाठी. भांडायला येतेय, आधीच सांगून ठेवते. स्टेशनवर न्यायला येऊ नकोस. मला घर माहीत आहे.

भिंगरी